लिव्हर घ्यावा तो मोजून

स्पोर्ट्स बाइकचे ब्रेक आणि क्लचचे लिव्हर बदलणारा माणूस दुकानात काय पाहतो? रंग, लांबी, सीएनसीवर कापलेली धारदार नक्षी आणि बोटं टेकतात तो भाग. खरं पाहायला हवं ते दुसरं टोक, जिथे लिव्हर पिव्हटच्या बोल्टवर फिरतो आणि, ब्रेकचा असेल तर, ब्रेक ऑइल दाबणाऱ्या मास्टर सिलिंडरच्या पिस्टनला ढकलतो. ब्रेकला बोटांचा किती जोर लागेल, हे या दोन बिंदूंमधल्या अंतरावर बरंचसं अवलंबून असतं. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि उद्यमनगरच्या शेडमध्ये ज्या शहराचे हजारो हात रोज व्हर्नियर आणि मायक्रोमीटर वापरतात, त्या कोल्हापुरात तरी लिव्हर नुसत्या डोळ्यांनी निवडला जाऊ नये.

लिव्हर म्हणजे तरफ. समजा, पिव्हटपासून १२० मिलिमीटरवर दोन बोटं आहेत आणि पिस्टनला ढकलणारा भाग २५ मिलिमीटरवर आहे. बोटांचा जोर मग जवळजवळ पावणेपाच पट होऊन पिस्टनवर पडतो. नव्या लिव्हरमध्ये हेच अंतर २८ मिलिमीटर निघालं, तर पट सव्वाचारवर येते आणि तेवढाच ब्रेक लागायला बोटांना सुमारे १२ टक्के जास्त जोर लावावा लागतो. गंमत अशी, की तोच ब्रेक हाताला अधिक ‘कडक’ लागतो, कारण लिव्हरच्या तेवढ्याच हालचालीत पिस्टन जास्त सरकतो. ‘नवे लिव्हर टाकल्यापासून ब्रेक एकदम टाइट झाला’ असं म्हणणाऱ्याचा ब्रेक सुधारलेला असेलच असं नाही. जोर कमी पोचत असूनही तसं वाटू शकतं. तीन मिलिमीटरचा एवढा बाऊ कशाला, असं कोणी म्हणेल. ब्रेक बनवणारी ब्रेंबो कंपनी शर्यतीच्या गाड्यांसाठी १९ मिलिमीटर व्यासाचाच मास्टर सिलिंडर पिव्हटपासूनच्या १८ आणि २० मिलिमीटर अशा दोन अंतरांत विकते, आणि तिच्या आरसीएस प्रकारात स्क्रू फिरवून या दोन्हींतलं एक निवडता येतं. दोन मिलिमीटरचा फरक चालवणाऱ्याच्या हाताला कळतो, म्हणूनच ही सोय आहे.

याहून मोठा धोका दाबाच्या सुरुवातीला आहे. लिव्हर पूर्ण सोडलेला असताना पिस्टन मागे टेकलेला असतो आणि मास्टर सिलिंडरमधलं एक बारीक छिद्र उघडं राहतं. ब्रेक ऑइल तापून फुगलं, तर त्याच वाटेने ब्रेक ऑइलच्या टाकीत परततं. नव्या लिव्हरचं टोक केसभर जाड असलं, तर ते पिस्टनला कायमचं थोडं दाबून ठेवतं आणि छिद्र बंद होतं. सपाट रस्त्यावर काही जाणवणार नाही. पण आंबा घाट किंवा गगनबावड्याचा घाट उतरताना ब्रेक तापतो, तेल फुगतं, त्याला वाट मिळत नाही, पॅड आपोआप डिस्कवर घासू लागतात, त्यातून आणखी उष्णता येते. शेवटी पुढचं चाक हात न लावता जखडू शकतं. आजच्या गाड्यांना एबीएस आहे. १२५ सीसीवरच्या नव्या दुचाकींना २०१९ पासून ते सक्तीचंच आहे. पण एबीएस चाकाची घसरण ओळखतं, तापत चाललेला ब्रेक ओळखणं त्याचं काम नाही. म्हणून नवा लिव्हर बसवल्यावर त्या टोकाला किंचित प्ले, म्हणजे मोकळी हालचाल, आहे ना, हे बघितलंच पाहिजे. जाणता मिस्त्री टाकीचं झाकण उघडून लिव्हर अलगद दाबतो. तेलाच्या पृष्ठभागावर बारीकशी उसळी दिसली, तर छिद्र मोकळं आहे. हे ब्रेक ऑइल रंग खातं, तेव्हा खाली फडकं हवंच.

आता धातू. ‘कास्टिंग म्हणजे हलकं, सीएनसी म्हणजे भारी’ हा समज ओतकामावर वाढलेल्या गावात तरी टिकू नये. कंपनीचे बरेच लिव्हर ॲल्युमिनियमचे ओतीव किंवा घडीव असतात, जाड आणि गोलसर. सीएनसीवर कापायला बहुधा ६०६१ किंवा ७०७५ जातीचं ॲल्युमिनियम घेतात. ही दोन्ही चांगली आहेत, त्यातही ७०७५ बरंच मजबूत. पण पेटीवर छापलेली जात डोळ्यांना तपासता येत नाही. डोळ्यांना दिसतात ते आतले काटकोनी कोपरे आणि वजन कमी करायला पाडलेली भोकं. ताण नेमका तिथेच साठतो आणि गाडी पडली की लिव्हर तिथेच तुटतो. गोलसर कोपऱ्यांचा, भोकं नसलेला लिव्हर दिसायला साधा असेल, पण मी तोच घेईन. पिव्हटपाशी पितळी बुश असेल तर उत्तम, कारण पोलादी बोल्टवर ॲल्युमिनियमचं भोक झिजून अंडाकृती होतं. तिथे ०.२ मिलिमीटरची ढिलाई असली आणि बूड १५ मिलिमीटर जाड असलं, तर दीडशे मिलिमीटरवरचं टोक दोन मिलिमीटर वर-खाली हलेल.

मग बदलायचाच कशाला, हा आक्षेप रास्त आहे. नुसत्या लिव्हरने थांबण्याचं अंतर कमी होत नाही. ते काम टायर, पॅड आणि ताज्या ब्रेक ऑइलचं. बदलण्याचं एक भक्कम कारण उरतं ते हाताच्या मापाचं. अनेक गाड्यांच्या मूळ लिव्हरला ग्रिपपासूनचं अंतर जुळवायची सोय नसते, आणि लहान हातांच्या स्त्री-पुरुषांना प्रत्येक वेळी बोटं ताणावी लागतात. अशांना अंतर बदलणारा लिव्हर खरोखर उपयोगी पडतो. आखूड लिव्हरचं मात्र जपून: दोन बोटांनी ब्रेक लावायची सवय नसेल, तर उरलेली बोटं लिव्हर आणि ग्रिपच्या मध्ये सापडतात. शर्यतवाले तसे वापरतात हे खरं, पण त्यांच्या नियमपुस्तकात लिव्हरच्या टोकाला किमान १६ मिलिमीटरचा गोळा सक्तीचा आहे, आणि सर्किट शर्यतींत ब्रेक लिव्हरला संरक्षक कडंही लागतं. अणकुचीदार टोकाचा लिव्हर तिथेसुद्धा चालत नाही.

उद्यमनगरात नमुना देऊन लिव्हर करून घेऊ, असाही एक विचार निघतो. कौशल्याची शंका घेण्याचं कारण नाही. अडचण नमुन्याची आहे: झिजलेल्या लिव्हरवरून माप घेतलं, तर झीजसुद्धा नव्यात उतरते. मूळ ड्रॉइंग नसताना ब्रेकचा लिव्हर करू नये, क्लचचा एकवेळ चालेल. तिथे वायरला कंपनीने सांगितलेला प्ले ठेवला नाही तर क्लच स्लिप होऊन प्लेट जळतात. नुकसान खिशाचं होतं.

खरेदीच्या वेळी गाडीचं नाव सांगून भागत नाही, वर्षही सांगावं. चाकणला बनणाऱ्या केटीएमपासून कुठल्याही गाडीपर्यंत, त्याच नावाच्या पुढच्या पिढीत मास्टर सिलिंडर बदललेला असू शकतो. जुना आणि नवा लिव्हर पिव्हटच्या भोकातून एकाच बोल्टवर ओवून शेजारी धरले, तर ढकलणाऱ्या टोकातला फरक लगेच कळतो. बसवल्यावर मागचा ब्रेक दिवा दाबल्याबरोबर लागतो आणि सोडल्यावर विझतो का, गिअरमध्ये क्लच दाबून गाडी पूर्वीसारखीच स्टार्ट होते का, आणि हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवल्यावर लिव्हर फेअरिंगला लागत नाही ना, हे पाहावं. पहिल्या दहा-वीस किलोमीटरनंतर गाडी उभी करून पुढचं चाक उचलून हाताने फिरवावं. ते मोकळं फिरलं नाही, तर जुना लिव्हर परत चढवायचा. म्हणून जुना लिव्हर टाकून न देता सीटखाली किंवा बॅगेत ठेवावा. आंबा घाटाच्या वाटेवर लिव्हर तुटलाच, तर मलकापूरच्या गॅरेजमध्ये मूळ मापाचा एखादा सापडेल, तुमचा लाल-सोनेरी सापडणार नाही.