कावड कोणाच्या खांद्यावर?

सप्टेंबर २०२२ मध्ये हरियाणातील रोहतक शहरातून एक वरात निघाली. वाजंत्री होती, रथ होता, गळ्यात नोटांची माळ घातलेला नवरदेव होता. मात्र नवरदेवाचे वय शंभरीच्या पुढचे होते आणि वरात लग्नाची नव्हती. सरकारी दप्तरात हा गृहस्थ मृत म्हणून नोंदला गेला होता, त्यामुळे मार्चपासून त्याचे वृद्धापकालीन निवृत्तिवेतन बंद झाले होते. अर्जविनंत्या करून झाल्या, खेटे घालून झाले. तेव्हा आपण अजून हयात आहोत हे सरकारच्या कानी घालण्यासाठी त्याने हा मार्ग पत्करला. सारा देश हसला, वृत्तपत्रांनी छायाचित्रे छापली आणि सरकारने लगबगीने त्याला पुन्हा जिवंत करून घेतले. आम्हांस मात्र तेव्हाही हसू आले नाही आणि आजही येत नाही. ज्यांच्यापाशी रथाचे भाडे द्यायला पैसे नाहीत, ज्यांच्यामागे वाजंत्री वाजवणारे चार तरुण नाहीत, अशा मृत ठरलेल्या जिवंतांचे काय होत असेल, हा विचार त्या छायाचित्राकडे पाहताना मनातून जाईना.

त्यांचे काय होते हे ओडिशाने दोनदा दाखवले आहे. जून २०२० मध्ये नुआपाडा जिल्ह्यातील एका म्हाताऱ्या बाईने शंभरीच्या घरातल्या आपल्या आईला खाटेवर निजवून ती खाट रस्त्याने ओढत बँकेपर्यंत नेली. खातेदाराने समक्ष हजर झाल्याशिवाय पैसे मिळणार नाहीत, असे तिला सांगण्यात आले होते. एप्रिल २०२३ मध्ये नबरंगपूर जिल्ह्यात सत्तरीची एक स्त्री मोडक्या खुर्चीचा आधार घेत, उन्हात, अनवाणी बँकेकडे चालत निघाली. हाताच्या बोटांना दुखापत झाल्याने तिचा ठसा यंत्राशी जुळत नव्हता. देशाच्या अर्थमंत्र्यांनी ते दृश्य पाहून बँकेला जाहीरपणे जाब विचारला, तेव्हा यंत्रणा हलली. एका म्हातारीचे निवृत्तिवेतन तिच्या हाती पडावे यासाठी अर्थमंत्र्यांना स्वतः लक्ष घालावे लागते, यातच त्या व्यवस्थेची सारी कहाणी येते.

यातील कोणीही वृद्ध चोर-दरोडेखोरांच्या हाती सापडलेला नाही, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे. ज्या योजना त्यांच्या उतारवयाला आधार म्हणून निर्माण झाल्या, त्याच योजनांनी त्यांना रस्त्यावर आणले. राज्यघटनेच्या ४१ व्या अनुच्छेदाने वार्धक्यात व आजारपणात नागरिकाला साहाय्य करण्याची जबाबदारी शासनावर टाकली. त्या जबाबदारीची आठवण केंद्राला झाली ती १५ ऑगस्ट १९९५ रोजी, आणि तीही दरमहा ७५ रुपयांपुरती. पुढे ही रक्कम २०० रुपये झाली. २००७ मध्ये योजनेला इंदिरा गांधींचे नाव मिळाले. २०११ मध्ये वयाची अट ६५ वरून ६० वर आली आणि ऐंशी ओलांडलेल्यांना ५०० रुपये ठरले. साठ ते ऐंशीमधल्या दरिद्री वृद्धासाठी केंद्राचा वाटा मात्र दोनशेच्या पुढे गेलेला नाही. दिवसाला साडेसहा रुपये! या काळात भत्ते वाढले, वेतन आयोग आले, खासदारांची वेतने वाढली. राज्ये आपल्या पदरची भर घालतात म्हणून त्या आकड्याची लाज थोडी झाकली जाते, इतकेच.

आपल्या महाराष्ट्राने तर आपल्या योजनेला श्रावणबाळाचे नाव दिले आहे. ६५ वर्षांवरील निराधाराला २०१९ पूर्वी महिना ६०० रुपये मिळत, मग १,००० झाले, २०२३ पासून १,५००. वाढ झाली, तिचे श्रेय आम्ही नाकारीत नाही. पण या पैशांच्या दारावर जी अट उभी आहे, तिच्याकडे जरा पाहावे. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असावे, ही मर्यादा कित्येक वर्षे जागची हललेली नाही. २१,००० म्हणजे महिन्याला १,७५० आणि दिवसाला सत्तावन्न-अठ्ठावन्न रुपये. एका माणसाचे नव्हे, संपूर्ण कुटुंबाचे! महाराष्ट्रातील कोणत्या गावात, कोणत्या शहरात आज कोणते कुटुंब एवढ्यावर जगते? एखादी मोलकरीण दोन घरची भांडी घासून याहून अधिक मिळवते. ही गोष्ट अर्ज करणाऱ्या म्हाताऱ्याला ठाऊक आहे, तलाठ्याला ठाऊक आहे, दाखल्यावर सही करणाऱ्या तहसीलदारालाही ठाऊक आहे. तरी दाखला लिहिला जातो, कारण तो लिहिला नाही तर योजनेला माणूसच सापडणार नाही. म्हणजे जन्मभर खरे बोललेल्या वृद्धाला सरकारच्या दारात पाऊल ठेवताना प्रथम खोटे बोलावे लागते, आणि एकदा खोटे बोलला की तो कायमचा मिंधा होतो. उद्या एखाद्या साहेबाची मर्जी फिरली, तपासणीची लाट आली, की हाच दाखला त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून उभा राहतो. दलालाचे फावते ते नेमके येथेच. ज्याच्या कागदात खोट आहे त्याला कोणीही धमकावू शकतो, आणि येथे तर खोट कागदात नसून अटीत आहे.

अटीची पायरी ओलांडली की गाठ पडते यंत्राशी. बोटाच्या ठशावरून माणूस ओळखण्याची कल्पना कागदावर निर्दोष दिसते. परंतु ज्या बोटांनी चाळीस-पन्नास वर्षे विटा वाहिल्या, भात लावला, धुणी धुतली, विड्या वळल्या, त्या बोटांवरच्या रेषा झिजून गेलेल्या असतात. वयाबरोबर कातडी कोरडी व सैल होते, ती वेगळीच. म्हणजे जो जितका अधिक राबला आणि जितका अधिक जगला, तितका तो यंत्राला अनोळखी! ठसा नाही तर डोळ्याची बुबुळे पाहू म्हणावे, तर तेथे मोतीबिंदू वाट पाहत असतो. हे आमचे कल्पनारंजन नव्हे. केंद्र सरकारच्याच २०१६-१७ च्या आर्थिक पाहणीत ओळख न पटण्याचे प्रमाण झारखंडात ४९ टक्के आणि राजस्थानात ३७ टक्के असल्याचे अंदाज नोंदले आहेत. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात कोणत्याही तालुक्याच्या गावी बँकेसमोर उभे राहावे. लुगड्याच्या पदराला बोट पुसणारी, ते केसांवरून फिरवणारी, पुन्हा यंत्रावर टेकवणारी आजी दिसेल. 'पुढच्या आठवड्यात या' हे शब्द तीन-तीनदा ऐकून ती एस. टी.च्या थांब्याकडे वळते. भाडे अर्धे असो की माफ असो, तिचा दिवस गेलेला असतो आणि पुष्कळदा सोबत आलेल्या सुनेची मजुरीही बुडालेली असते. भीक नको पण कुत्रा आवर, ही म्हण ज्याने प्रथम उच्चारली तो बहुधा अशाच एखाद्या दारातून परत फिरला असावा.

श्रावणबाळाचे नाव योजनेला ज्यांनी दिले त्यांना ती कथा पुरती आठवत होती की नाही, कोण जाणे. आंधळ्या आईबापांना कावडीत बसवून नेणारा पुत्र सर्वांच्या लक्षात राहतो. त्याला मारले कोणी, हे आपण सोयीने विसरतो. दशरथ काही दुष्ट राजा नव्हता. अंधारात पाण्याचा बुडबुड आवाज झाला, हत्ती असावा असे वाटले आणि न पाहताच त्याने शब्दवेधी बाण सोडला. आज मंत्रालयात व दिल्लीत बसलेले दशरथ असेच आवाजावर बाण सोडीत आहेत. आवाज 'बोगस लाभार्थ्यां'चा असतो. लागतो तो पाणी भरायला आलेल्याला. फरक इतकाच, की राजा दशरथ चूक कळताच स्वतः पाण्याची झारी घेऊन त्या वृद्धांपुढे जाऊन उभा राहिला. आमचा कारकून त्यांनाच अर्ज घेऊन यायला सांगतो.

आणि हा आवाज उठवतो कोण? येथे आम्हांस स्वतःकडेही बोट दाखवणे प्राप्त आहे. 'इतके हजार बोगस लाभार्थी वगळले' असे मथळे वृत्तपत्रे आनंदाने छापतात, आणि आपला कररूपी पैसा वाचला म्हणून आपण सुशिक्षित मंडळी चहाबरोबर समाधान मानतो. वगळलेल्यांत किती खरोखर बोगस होते, हे विचारण्याची तसदी कोण घेतो? या योजनांत लबाडी होते, हे आम्ही मान्य करतो. मृताच्या नावावर पैसे उचलले जातात, धडधाकट पुढारी आपल्या नातलगांना निराधार ठरवतो. पण मृताच्या नावावर पैसे उचलणारा मृत नसतो. तो दप्तरात बसलेला किंवा दप्तराच्या आसपास वावरणारा कोणीतरी असतो. त्याला शोधायचे सोडून साऱ्या म्हाताऱ्यांना दरवर्षी रांगेत उभे करणे, हा चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याचा प्रकार झाला. आमच्या वाचकांतील सेवानिवृत्तांनाही नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला द्यावा लागतो. परंतु त्यांच्या हाती दूरध्वनी असतो, त्यात चेहरा पाहून ओळख पटवण्याची सोय असते, घरात नातू असतो, आणि दाखला राहून गेला तरी त्या महिन्यात चूल विझत नाही.

खरा प्रश्न असा, की हयातीचा पुरावा जिवंताकडे मागायचाच कशासाठी? जन्म व मृत्यू यांची नोंदणी करण्याचा कायदा देशात १९६९ पासून आहे. मृत्यूची खबर २१ दिवसांत द्यावी असा त्यात दंडक आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने तर या नोंदींचे देशव्यापी भांडार उभारण्याची तरतूद केली. गावात कोण मेले याची वही सरकारपाशीच आहे, ती लिहिणारा नोकरही सरकारचाच आहे. मग ज्याचे नाव त्या वहीत नाही तो जिवंत, हा साधा न्याय सरकारला का मानवू नये? नोंदी अपुऱ्या असतील तर तो दोष नोंदणी खात्याचा, त्याची शिक्षा पंच्याऐंशी वर्षांच्या विधवेने का भोगावी?

सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ रोजी आधारची योजना चार विरुद्ध एक अशा बहुमताने उचलून धरली, तेव्हा ओळख न पटल्याने पात्र माणूस वंचित राहणार नाही, ही सरकारची हमी नोंदवून घेतली आणि पर्यायी मार्गाने ओळख पटवण्याची तरतूद नियमांत करावी असे सांगितले. ती हमी नोकरशाहीच्या शेवटच्या खिडकीपर्यंत पोहोचलेली नाही. राज्य सरकारला आमचे सांगणे एवढेच आहे, की कोणाचेही अनुदान थांबवण्यापूर्वी एका जबाबदार कर्मचाऱ्याने त्याच्या दारात जाऊन त्याला डोळ्यांनी पाहावे, काय आढळले ते लिहून सही करावी आणि थांबवण्याचे कारण मराठीत, लेखी, त्याच्या हाती द्यावे. वगळायच्या नावांची यादी आधी ग्रामसभेत आणि शहरात प्रभागात मोठ्याने वाचली जावी. कोण मेले आणि कोण जिवंत आहे हे शेजाऱ्यांना यंत्राहून अधिक कळते. चूक झाल्यास थकबाकी व्याजासह द्यावी आणि सही करणाऱ्याचे नाव कागदावर राहावे. राजस्थानने २०२३ मध्ये कायदा करून निवृत्तिवेतनात दरसाल १५ टक्के वाढीची तरतूद केली. तो कायदा कोणत्या पक्षाच्या सरकारने केला, हा विचार बाजूस ठेवून महाराष्ट्राने तो वाचावा. आणि २१,००० रुपयांची ती मर्यादा येत्या अर्थसंकल्पापूर्वी बदलावी. तोवर मंत्रिमंडळातील एखाद्या सदस्याने आपल्या कुटुंबाचा एक महिना १,७५० रुपयांत चालवून दाखवला, तर त्याचा हिशेब याच पानावर छापण्यास आम्ही तयार आहोत.