आजोबांच्या हाताच्या मापाचा खेळ

दवाखान्यात येणाऱ्या वयस्कर मंडळींच्या तोंडून एक वाक्य मी वारंवार ऐकतो. "डॉक्टरसाहेब, ते मोबाइलचं काही आता आमच्याच्यानं होत नाही." वाक्य साधे असते, पण त्यामागे स्वतःविषयीचा एक निवाडा असतो. आपली बुद्धी मंदावली, आपण मागे पडलो, असा तो निवाडा. बहुतेक वेळा तो चुकीचा असतो.

माझ्याकडे येणारे एक निवृत्त मराठी शिक्षक आहेत. कंपवात जडून काही वर्षे झाली आहेत, मधुमेह त्याहून जुना. आयुष्यभर शब्दांत रमलेला हा माणूस मोबाइलवरील शब्दखेळ मोठ्या हौसेने खेळत असे, आणि एके दिवशी त्यांनी तो सोडला. विचारले तेव्हा कळले, की बोट टेकवावे एका अक्षरावर आणि उमटावे दुसरेच. मध्येच जाहिरात उघडावी, ती बंद करायला गेले तर आणखी काही उघडावे, आणि खात्यातील पैसे जातील या भीतीने हात मागे घ्यावा. सुनेला दर वेळी हाक मारणे त्यांना अपमानाचे वाटू लागले होते.

यात दोष सरांचा नव्हता. मोबाइलचा पडदा बोटाच्या स्पर्शातील सूक्ष्म विद्युत बदल ओळखतो. वय झालेली, राठ आणि कोरडी पडलेली त्वचा तो बदल पुरेसा घडवून आणत नाही. थरथरणारा हात एकदा टेकवण्याऐवजी दोनदा टेकतो. पडद्यावर बोटाला जाणवेल असा उंचवटा नसतो, त्यामुळे बटण दाबले गेले की नाही हे केवळ डोळ्यांनीच ठरवावे लागते, आणि मोतीबिंदूमुळे तेही धूसर. यंत्र तरुण हातांसाठी घडवलेले, आणि नापास ठरतो म्हातारा हात!

सरांच्या नातवाने, जो अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत यावर जो उपाय केला तो मी आपणांस सविस्तर सांगणार आहे. कारण तो पैसेवाल्या घरांपुरता नाही, आणि त्यातील काही धोके डॉक्टर म्हणून मला सांगितलेच पाहिजेत. त्याने आजोबांसाठी हातात धरून खेळण्याचे यंत्र घरीच बांधले.

नव्वदच्या दशकात जत्रेत मिळणारा 'ब्रिक गेम' आपल्यापैकी अनेकांनी मुलांच्या हाती पाहिला असेल. वरून ठोकळे पडत, ते नीट बसवायचे. तो खेळ अलेक्सेई पाजितनोव यांनी १९८४ साली मॉस्कोत रचला. १९८९ मध्ये जपानच्या निन्टेन्डोने 'गेम बॉय' नावाचे यंत्र काढले, आणि त्यावर हा खेळ घरोघरी पोहोचला. गेम बॉयचे रचनाकार गुनपेई योकोई यांचे धोरण मला आजही शहाणपणाचे वाटते. अत्याधुनिक भागांच्या मागे न लागता स्वस्त, मुरलेले, खात्रीचे भाग घ्यायचे आणि कल्पकता त्यांच्या वापरात दाखवायची.

आज तेच काम घरी करता येते, कारण २०१२ साली ब्रिटनमध्ये 'रास्पबेरी पाय' नावाचा एकाच पट्टीवर मावणारा संगणक विद्यार्थ्यांसाठी बाजारात आला. त्याचा 'झिरो २ डब्ल्यू' हा लहान प्रकार २०२१ मध्ये निघाला. लांबी ६५ मिलिमीटर, रुंदी ३० मिलिमीटर, म्हणजे आगपेटीहून जरासा लांब. मूळ किंमत १५ डॉलर. त्याला मेमरी कार्ड, छोटा रंगीत पडदा, काही बटणे, एक बॅटरी आणि चार्जिंगची पट्टी जोडली की यंत्र उभे राहते. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' असे आपण अभिमानाने म्हणतो खरे, पण यातला एकही भाग नातवाला गावात मिळाला नाही. सारे कुरिअरने मागवावे लागले.

बांधणीत मला सर्वांत मोलाची वाटली ती बटणे. या पट्टीवर ४० पिनांच्या जागा असतात. त्यांतील ठरावीक पिनांना बटणाची तार जोडली, की कोणते बटण दाबले हे संगणकाला समजते. बटण कसे असावे हे सर्वस्वी आपल्या हाती. मधुमेहात बोटे आखडणे, वाकवलेले बोट अडकून झटक्याने सुटणे, अंगठ्याच्या मुळाशी सांधा दुखणे हे प्रकार वारंवार दिसतात. अशा हातांना तयार यंत्रांची चिमुकली, ताठ बटणे त्रास देतात. नातवाने रुपयाच्या नाण्याएवढी, हलक्या दाबाने खटकन वाजणारी चारच बटणे घेतली आणि ती एकमेकांपासून दोन बोटे दूर बसवली. पेटी मुद्दाम जाड केली. बारीक वस्तू घट्ट धरून ठेवण्यात सांध्यांवर जास्त ताण येतो.

थरथरीवरचा उपाय तर आज्ञावलीतच सापडला. कोणतेही बटण दाबताना आतील धातूची पट्टी क्षणभर थरथरते, म्हणून लगेच आलेली दुसरी खूण दुर्लक्षित करा, अशी सूचना संगणकाला नेहमीच दिलेली असते. हा अवधी सहसा सेकंदाच्या विसाव्या-पन्नासाव्या भागाएवढा असतो. नातवाने मला विचारले, "आजोबांसाठी किती ठेवू?" कंपवातातील थरथर सेकंदाला साधारण ४ ते ६ वेळा होते, म्हणजे दोन हेलकाव्यांत पाव सेकंदापर्यंत अंतर. मी त्याला अवधी सेकंदाच्या तीन दशांशांवर नेण्यास सुचवले. दुहेरी दाब थांबले. औषधाची मात्रा न वाढवता एखाद्या लक्षणाचा जाच कमी करण्याची संधी आम्हा डॉक्टरांना क्वचित मिळते, हे नमूद करतो.

आवाजाचेही तसेच. असल्या यंत्रांत बसवली जाणारी लहान बझरची चकती साधारणतः २,००० ते ४,००० हर्ट्झचा तीक्ष्ण आवाज काढते, आणि वयपरत्वे कान कमी होतो तो आधी उंच स्वरांना. सरांना तो ऐकूच येईना. छोटा स्पीकर लावून स्वर खाली आणल्यावर तो ऐकू आला. रंग निवडताना निळा आणि हिरवा शेजारी ठेवू नये, कारण पिवळसर झालेल्या नेत्रभिंगातून त्यांतील भेद पुसट होतो. काळ्यावर पांढरी किंवा पिवळी ठळक अक्षरे उत्तम.

खेळ कोणता, हा प्रश्न सरांनीच सोडवला. जुने विकाऊ खेळ इंटरनेटवरून फुकट उतरवून घेणे हे स्वामित्वहक्काच्या दृष्टीने बहुधा गैर ठरते; तो मोह नातवाने टाळला, हे बरे झाले. सरांनी एका वहीत मराठी म्हणी लिहून काढल्या. यंत्राने म्हणीतील एक शब्द झाकायचा आणि चार पर्याय द्यायचे. चार बटणे, चार पर्याय. पहिल्या दिवशी पडद्यावर जोडाक्षरे फुटलेली दिसली, वेलांट्या भलत्याच जागी. सर संतापले. "अशुद्ध मराठी माझ्या घरात चालणार नाही," असे त्यांनी बजावले. देवनागरीची जोडणी त्या साध्या साधनाला जमत नव्हती. अखेर प्रत्येक म्हण दुसऱ्या संगणकावर शुद्ध टाइप करून तिचे चित्र बनवले आणि यंत्रात अक्षरांऐवजी चित्रे भरली. या खटाटोपात तीन आठवडे आजोबा-नातू रोज दुपारी एकत्र बसले. सूनबाईंचे म्हणणे असे, की सर इतके बोलताना त्यांनी कित्येक महिन्यांत पाहिले नव्हते.

आता वैद्यकीय प्रश्न. अशा खेळांनी स्मृतिभ्रंश टळतो काय? तसे आश्वासन मी देणार नाही. २००३ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ७५ वर्षांवरील ४६९ व्यक्तींची पाहणी होती. वाचन, पटावरचे खेळ, वाद्यवादन आणि नृत्य करणाऱ्यांत स्मृतिभ्रंश कमी आढळला. परंतु ज्यांची बुद्धी आधीच ढळू लागली आहे ते खेळ आपोआप सोडतात, ही शक्यता अशा पाहणीत पूर्णपणे वगळता येत नाही. २०१३ मध्ये 'नेचर'मधील प्रयोगात ६० ते ८५ वर्षांच्या व्यक्तींना एक खास रचलेला व्हिडिओ गेम महिनाभर खेळायला दिला. एकाच वेळी दोन कामे सांभाळण्याची त्यांची क्षमता सुधारली आणि सहा महिन्यांनंतरही टिकून होती. तो प्रयोगशाळेतला खेळ होता. घरच्या खेळाला तेच श्रेय देणे उतावळेपणाचे होईल. विसरभोळेपणा वाढत असेल तर यंत्र नव्हे, तपासणी हवी. थायरॉईड, बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, नैराश्य आणि कमी झालेली श्रवणशक्ती ही त्याची कारणे असू शकतात, आणि त्यांवर उपचार आहेत.

धोक्यांकडे वळतो. यातली लिथियम बॅटरी ही सर्वांत जपायची वस्तू. ती नवीन, संरक्षक पट्टीसह घ्यावी. जुन्या लॅपटॉपमधून किंवा पॉवर बँकमधून काढलेली वापरू नये. या बॅटऱ्या साधारण ४५ अंश सेल्सिअसपर्यंतच्या तापमानातच चार्ज कराव्यात. आपल्याकडे वैशाखातल्या दुपारी पत्र्याच्या खोलीत यापेक्षा जास्त तापते, म्हणून चार्जिंग सकाळी, गारव्यात, आणि कोणीतरी जागे असताना. उशाखाली किंवा गादीवर कधीही नाही. बॅटरी फुगली, तर टोचू नये, दाबू नये, पुन्हा चार्ज करू नये. ती घराबाहेर, जळण्याजोग्या वस्तूंपासून दूर ठेवून ई-कचऱ्यात द्यावी.

तारा जोडण्याचे सोल्डरिंग, ज्याला जुनी माणसे डाख देणे म्हणतात, उघड्या खिडकीपाशी करावे. त्याचा धूर दम्याच्या रुग्णाला लगेच बाधतो. सोल्डरच्या तारेत बहुधा शिसे असते, म्हणून लहान मुले व गर्भवती स्त्रिया दूर असाव्यात आणि काम झाल्यावर साबणाने हात धुवावेत. पिनांना ३.३ व्होल्टच चालतात, ५ व्होल्ट लागले तर पट्टी कायमची निकामी होऊ शकते. हे शरीराच्या नव्हे, खिशाच्या काळजीपोटी सांगतो.

यंत्रात औषधाच्या वेळेची आठवण हवी म्हणून घड्याळाचा भाग बसवाल, तर त्यासोबत नाण्यासारखी चपटी बॅटरी घरात येते. तिचे झाकण स्क्रूने बंद होणारेच हवे. लहान मुलाने ती गिळली आणि अन्ननलिकेत अडकली, तर दोन तासांतच तेथे खोल भाजल्यासारखी जखम होऊ शकते. गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी करवू नका, लक्षणांची वाट पाहू नका. मुलाला थेट रुग्णालयात नेऊन एक्स-रे काढा.

ज्यांना पेसमेकर बसवला आहे त्यांनी स्पीकर असलेले यंत्र छातीवरच्या खिशात ठेवू नये. सहा इंच अंतर असावे. फिट येण्याचा इतिहास असेल तर चमचमणारे खेळ टाळावेत. खेळताना कोपरांखाली उशी घ्यावी म्हणजे मान झुकत नाही, आणि दर वीस मिनिटांनी उठून पाणी पिऊन यावे.

घरात असा नातू नसेल, तर सहावी ते बारावीच्या ज्या शाळांत अटल टिंकरिंग लॅब आहे तेथील विज्ञान शिक्षकांना विचारून पाहावे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे विज्ञान आश्रम सुरू केला, तो हाताने काम करीत शिकण्याच्या याच विचाराने.

मागच्या आठवड्यात सर रक्तदाब दाखवायला आले, यंत्र पिशवीत घालून. सगळ्या म्हणी आता त्यांना पाठ झाल्या आहेत, त्यामुळे खेळात दम उरला नाही, अशी त्यांची तक्रार होती. दुसरी वही भरत आली आहे. नातू दिवाळीला घरी येईपर्यंत त्यांना धीर नाही.