फिंचच्या पिंजऱ्याला दुहेरी जाळी का हवी?

झेब्रा फिंच या मूळच्या ऑस्ट्रेलियातील पक्ष्याचे वजन जेमतेम १२ ग्रॅम, म्हणजे पाच रुपयांच्या दोन नाण्यांइतके. पक्ष्याच्या शरीरात वजनाच्या साधारण १० टक्के रक्त असते. या हिशेबाने फिंचच्या अंगात सगळे मिळून मिलिलिटरभर रक्त, म्हणजे वीस-पंचवीस थेंब. त्यातले सात-आठ थेंब गेले तरी जीव धोक्यात येऊ शकतो. माणसाला जी जखम किरकोळ वाटते, ती फिंचच्या जिवावर बेतते ती यामुळेच. बाल्कनीत किंवा गच्चीवर फिंच पाळणाऱ्यांनी उपचारापेक्षा बचावाचा विचार आधी करायला हवा.

हल्ला बाहेरूनच होतो

कावळा, शिक्रा, मांजर आणि रात्री उंदीर किंवा घूस हे फिंचचे नेहमीचे शत्रू. यांना पिंजऱ्यात शिरण्याची गरजच नसते. शिक्रा झेपावला की घाबरलेले फिंच उडून जाळीला चिकटतात आणि बाहेरची नखे किंवा चोच जाळीतूनच त्यांचा पाय वा पंख ओढते. पाय तुटलेला पक्षी सापडतो, पिंजरा मात्र शाबूत असतो, त्याचे कारण हे.

यावर खात्रीचा उपाय म्हणजे दुहेरी जाळी. आतल्या आणि बाहेरच्या जाळीत दोन-तीन इंच अंतर ठेवले की नखे आतपर्यंत पोहोचत नाहीत. अर्ध्या इंचाच्या जाळीतून मोठा उंदीर येत नाही, पण छोटी चिचुंद्री किंवा उंदराचे पिल्लू येऊ शकते. म्हणून खालच्या भागात पाव इंचाची जाळी बसवावी. नायलॉनची जाळी उंदीर सहज कुरतडतात, त्यामुळे ती पुरेशी नाही. नव्या जस्तलेपित जाळीवरचे जस्ताचे कण पक्ष्याच्या पोटात गेले तर विषबाधा होते. जाळी बसवण्यापूर्वी व्हिनेगर लावून ब्रशने घासावी, धुवावी आणि वाळवावी.

छप्पर आणि विष्ठा

जंगली पक्षी नुसती इजाच करतात असे नाही, ते आजारही आणतात. कबुतरे, चिमण्या, कावळे पिंजऱ्यावर बसले की त्यांची विष्ठा दाण्यात आणि पाण्यात पडते. ब्रिटनमध्ये २००५ च्या सुमारास ग्रीनफिंच या पक्ष्यात ट्रायकोमोनास या परजीवीची साथ सुरू झाली. हा परजीवी मुळात कबुतरांमध्ये आढळणारा. दूषित दाणापाण्यातून तो पसरत गेला आणि ग्रीनफिंचची संख्या इतकी घटली की २०२१ मध्ये त्याची नोंद तिथल्या धोक्यातील पक्ष्यांच्या लाल यादीत झाली. सालमोनेला हा जिवाणूही याच मार्गाने येतो आणि तो माणसालाही आजारी पाडतो.

बर्ड फ्लू महाराष्ट्राला नवा नाही. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यात कोंबड्या दगावल्या, तेव्हा मुंबई-ठाण्यात मेलेल्या कावळ्यांतही हा विषाणू आढळला होता. एच५एन१ विषाणूला झेब्रा फिंच फार लवकर बळी पडतो, असे प्रयोगशाळेतील अभ्यासात दिसले आहे. म्हणून पिंजऱ्यावर पत्र्याचे किंवा फायबरचे भरीव छप्पर हवे. दाणापाणी छपराखालीच ठेवावे, सांडलेले दाणे रोज उचलावेत. मेलेला कावळा किंवा कबुतर दिसले तर उघड्या हाताने उचलू नये, पशुसंवर्धन विभागाला किंवा महापालिकेला कळवावे.

आतले धोके

रात्री अंधारात उंदीर फिरला, फटाका वाजला की फिंच दचकून उडतात आणि जाळीवर डोके आपटतात. मंद दिवा चालू ठेवल्यास त्यांना परत बसायची जागा दिसते. घरट्यासाठी सुतळीचे लांब धागे किंवा माणसाचे केस देऊ नयेत. ते पायाला गुंडाळले की रक्तप्रवाह थांबतो आणि बोटे काळी पडतात. जोड्यांपेक्षा एक-दोन घरटी जास्त आणि सारख्या उंचीवर ठेवली तर आपसातली भांडणे कमी होतात. रक्त लागलेला पक्षी लगेच वेगळा करावा, नाहीतर इतर पक्षी जखमेवर टोचत राहतात.

जखम झाली तर

पक्ष्याला आपल्यासारखा श्वासपटल नसतो. छातीचे हाड पुढे-मागे होते तेव्हाच त्याचा श्वास चालतो. मुठीत छाती दाबली गेली तर तो गुदमरतो, म्हणून हलक्या हाताने धरावे. रक्त येत असेल तर स्वच्छ कापसाने दोन-तीन मिनिटे हलका दाब द्यावा. नख तुटले असेल तर त्यावर कॉर्नफ्लोअर दाबावे. मग भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, अंधारात आणि उबेत ठेवावे. चोचीत पाणी ओतू नये, ते श्वासनलिकेत जाते. तेल, मलम किंवा माणसांच्या वेदनाशामक गोळ्या देऊ नयेत. मांजराचे नख वा दात लागला असेल तर जखम दिसत नसली तरी काही तासांतच पशुवैद्याकडे न्यावे. मांजराच्या तोंडातील जिवाणू पक्ष्याच्या रक्तात झपाट्याने पसरतात.

घरातल्या माणसांसाठी

वाळलेल्या विष्ठेची आणि पिसांची धूळ वर्षानुवर्षे श्वासातून गेली की काहींच्या फुफ्फुसाला त्याची ॲलर्जी होते. पिंजरा साफ केल्यावर चार-आठ तासांनी ताप, कोरडा खोकला, धाप लागणे ही तिची खूण. दुर्लक्ष झाले तर फुफ्फुस कायमचे आकसते. साफसफाईपूर्वी पाणी शिंपडावे, मास्क लावावा आणि पिंजरा झोपण्याच्या खोलीत ठेवू नये. दमा असलेल्यांनी हे काम दुसऱ्यावर सोपवावे. खोकला आठवडे न् आठवडे राहिला तर डॉक्टरांना घरी पक्षी असल्याचे आवर्जून सांगावे. त्या एका माहितीने निदान लवकर होते.

एक गोष्ट आणखी. आपल्या रानातल्या मुनिया पकडणे, विकणे किंवा पाळणे हा वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. रंग देऊन विकायला आणलेल्या मुनिया स्वस्त वाटल्या तरी घेऊ नयेत. आणि परदेशी फिंच घ्यायचे असतील, तर आधी जाळी आणि छपराचा खर्च धरावा, पक्ष्यांची किंमत नंतर.