प्रदर्शनाचा कडकनाथ : रंगावर जाऊ नका, पैदास बघा

यात्रेतल्या पशुप्रदर्शनात बैल-वळूंच्या रांगेपलीकडे कोंबड्यांचे पिंजरेही असतात. माळेगावच्या (जि. नांदेड) खंडोबाच्या यात्रेत तर कुक्कुट प्रदर्शन भरते. तिथे आपला कडकनाथ न्यावा, अशी हौस पुष्कळांना असते. पण नंबर काढणारा पक्षी ऐनवेळी बाजारातून आणून जमत नाही. तो दोन-तीन पिढ्या निवड करून घरीच तयार करावा लागतो.

कडकनाथ मूळचा मध्य प्रदेशातल्या झाबुआ, धार भागातला. तिकडे त्याला ‘कालामासी’ म्हणतात. झाबुआच्या कडकनाथ मांसाला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. नाव झाले तसा भाव आला, आणि भावामागून भेसळही आली.

काळी तेवढी कडकनाथ नव्हे

काळेपणाचा हा गुण वरचढ आहे. कडकनाथ कोंबडा पिवळ्या पायाच्या गावठी कोंबडीवर सोडला, तरी पिल्लांत, विशेषतः माद्यांत, काळेपणा उतरतो. नर मात्र बहुधा फिके निघतात. अशी काळी तलंग शुद्ध म्हणून खपवली जाते आणि पुढच्या पिढीत भेसळ उघडी पडते. म्हणून एकटीदुकटी तलंग बघून पैसे मोजू नका. तिचे आई-बाप आणि त्याच खेपेचे नर दाखवायला सांगा. विकणारा टाळाटाळ करू लागला, तर समजून जा.

निवड तीन वेळा करा

पहिली निवड पिल्लू अंड्यातून निघाल्यावर. बेंबी न भरलेली, वाकड्या बोटांची, मरगळलेली पिल्ले वेगळी काढा. दुसरी आठ आठवड्यांनी. वाढ, पिसे भरणे आणि पायांची ठेवण बघा. तिसरी पाच-सहा महिन्यांनी. आता पक्षी हातात घ्या. छातीचे हाड सरळ हवे, चोच वर-खाली नीट जुळलेली हवी, डोळे चमकदार हवेत. तुरा, जीभ, कातडी, पाय, तळवे सगळीकडे काळेपणा हवा. पाय पिवळसर असलेला पक्षी पैदाशीतून बाद करा. तो खायला किंवा विकायला हरकत नाही.

जोड्या लावताना

आठ-दहा माद्यांना एक नर पुरे. दुसरा नर काढून टाकल्यावर लगेच अंडी बसवू नका. मादीच्या पोटात आधीच्या नराचे बीज दोन-तीन आठवडे टिकते. तेवढा काळ गेल्यावरच पैदाशीची अंडी धरा. सात दिवसांपेक्षा जुने अंडे बसवू नये. कडकनाथ सहसा खुडूक बसत नाही, म्हणून गावठी खुडूक कोंबडीखाली अंडी ठेवा. पिल्ले २१ दिवसांनी निघतात. पायात रंगीत कडी घालून कोणाचे पिल्लू कोणते, ते वहीत लिहा. वही नसेल तर बाप-लेक, भाऊ-बहीण यांचा संकर कधी झाला ते कळत नाही. मग अंडी फोल जातात, पिल्ले अशक्त निघतात. एकच दोष असलेले नर-मादी एकत्र आणू नका. एकाला उणे असेल तिथे दुसरा भक्कम हवा.

प्रदर्शनाच्या आधी आणि नंतर

आठवडाभर रोज थोडा वेळ पक्षी पिंजऱ्यात ठेवा, हाताळा. बुजणारा पक्षी परीक्षकापुढे अंग चोरतो. दोन दिवस आधी कोमट पाण्याने पाय धुवा, तुऱ्याला खोबरेल तेलाचा हलका हात लावा. मानमोडी (राणीखेत) रोगाची लस किमान तीन आठवडे आधी द्या. परत आल्यावर बक्षिसाच्या आनंदात पक्षी लगेच खुराड्यात सोडू नका. तीन आठवडे वेगळा ठेवा. दहा गावांचे पक्षी जमतात, तिथे रोगही जमतो.

ग्रामसेवक व सरपंचांनाही विनंती. प्रदर्शन भरवायचे असेल, तर लसीकरणाची खात्री केल्याशिवाय पक्षी आत घेऊ नका आणि त्या दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्याची मदत घ्या. ढाल एकालाच मिळते, पण निवडीची सवय लागली तर सगळ्या गावाचे खुराडे सुधारते.