बाबासाहेबांची पत्रे आणि आपली जबाबदारी

महापुरुषाचा पुतळा उभारणे सोपे असते, त्याचे रिकाम्या खिशाचे दिवस समजून घेणे कठीण असते. विश्वरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना आपण संविधानाचे शिल्पकार म्हणून वंदन करतो. परंतु जगाने त्यांना ओळखण्यापूर्वी भीमराव नावाचा एक तरुण सातासमुद्रापलीकडून घरच्यांना आणि स्नेह्यांना पत्रे लिहीत होता. त्या पत्रांकडे आंबेडकरी चळवळीने पुरेशा गांभीर्याने पाहिले आहे काय?

१९१३ साली बडोदा संस्थानची दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती घेऊन बाबासाहेब न्यूयॉर्कला पोहोचले. तेव्हा त्यांचे वय अवघे बावीस होते. त्याच वर्षी ४ ऑगस्टला त्यांनी वडिलांच्या एका स्नेह्याला पत्र लिहिले. मुलांच्या बरोबरीने मुलींनाही शिकवले तर आपल्या समाजाची प्रगती वेगाने होईल, हा त्या पत्राचा आशय. महाडचा सत्याग्रह अजून चौदा वर्षे दूर होता. हिंदू कोड बिलाचे बीज शोधणाऱ्या अभ्यासकाने या पत्रापासून सुरुवात केली पाहिजे.

१९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. सिडनहॅम कॉलेजातील नोकरीतून केलेली बचत, राजर्षी शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या पारशी मित्राने दिलेले कर्ज, एवढ्याच भांडवलावर. पुढे पौंडाच्या तुलनेत रुपया घसरला. ४ सप्टेंबर १९२१ रोजी त्यांनी शाहू महाराजांकडे पत्राने दोनशे पौंडांचे कर्ज मागितले. रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यालाच घसरलेल्या रुपयाची झळ सोसावी लागत होती! तो प्रबंध १९२३ साली ग्रंथरूपाने आला. परंतु त्याची किंमत केवळ लंडनमध्ये नव्हे, तर परळच्या चाळीत संसार ओढणाऱ्या माता रमाईनेही मोजली. लंडनहून तिला लिहिलेल्या पत्रांतही पैशाची तीच ओढाताण आहे.

आता खरा प्रश्न. दरवर्षी ७ फेब्रुवारीला, रमाईच्या जयंतीला, बाबासाहेबांच्या नावाने भावपूर्ण पत्रे मोबाईलवर फिरतात, व्यासपीठावरून वाचली जातात. त्यांत साहित्यिकांनी कल्पनेने लिहिलेला मजकूरही असतो. कल्पनेने लिहिणे हा गुन्हा नाही, ते साहित्य आहे. परंतु कल्पित पत्र मूळ पत्र म्हणून वाचणे ही बाबासाहेबांच्या विद्वत्तेशी प्रतारणा आहे. ज्यांनी एकेक विधान पुराव्याने सिद्ध केले, त्यांच्याच तोंडी न लिहिलेले शब्द आपण का घालावेत? उद्या विरोधकांनी आपल्याकडे पुरावा मागितला तर काय दाखवणार?

या बाबतीत नागपूरची परंपरा मोठी आहे. येथल्या वस्तीतून घडलेल्या वसंत मून यांनी १९७९ पासून बाबासाहेबांच्या लेखन व भाषणांचे खंड संपादित केले. वामनराव गोडबोले यांनी जपलेल्या बाबासाहेबांच्या वस्तू नागपूरजवळच्या चिचोलीच्या शांतिवनात आहेत. शंकरराव खरात, चांगदेव खैरमोडे यांनी पत्रे जमवली नसती, तर ती काळाच्या उदरात गेली असती. यांपैकी कोणीही गडगंज नव्हते. त्यांच्याजवळ होती ती निष्ठा आणि शिस्त.

म्हणून समाजबांधवांनी दोन गोष्टी कराव्यात. पत्र वाचण्यापूर्वी ते कोणत्या ग्रंथात, कोणत्या तारखेचे आहे हे विचारावे. आणि आपल्या घरातील ट्रंक उघडून पाहावी. उत्तर नागपुरातील, इंदोऱ्यातील जुन्या कार्यकर्त्यांच्या घरी समता सैनिक दल, शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन, १९५६ च्या धम्मदीक्षेच्या काळातील पत्रे असू शकतात. वाळवीच्या आणि रद्दीवाल्याच्या हाती लागण्यापूर्वी त्यांच्या प्रती काढून जवळच्या बुद्धविहाराच्या ग्रंथालयात ठेवाव्यात.

आपला इतिहास इतरांनी लिहिला नाही, ही तक्रार आपण पिढ्यान्‌पिढ्या करत आलो. आपल्याच हातातला कागद आपणच हरवला, तर ती तक्रार कोणाकडे करायची?