'खाली' म्हणजे नेमके काय?

पेणला गणेशमूर्तींचे कारखाने, तर रोह्याला धाटावच्या औद्योगिक वसाहतीत रसायनांचे. या दोन्ही ठिकाणी आपले बांधव सुतारकाम, वेल्डिंग, रंगकाम, टेंपो, भंगार अशा धंद्यांत आहेत. घरी आपण कोकणी बोलतो, गिऱ्हाइकाशी मराठी आणि उत्तर प्रदेश-बिहारहून आलेल्या कामगाराशी मोडकीतोडकी हिंदी. काम निभते, म्हणून आपण समजतो की बोलणे पोहोचले. ते नेहमीच पोहोचते असे नाही.

'खाली' हा एकच शब्द घ्या. मराठीत त्याचा अर्थ तळाला, हिंदीत रिकामा. मुकादम म्हणतो, "पिंप खाली कर." त्याच्या मनात, टेंपोतून उतरव. बिहारचा पोरगा ऐकतो, रिकामे कर. पिंपात पाणी असेल तर लादी ओली होईल, एवढेच. पण रोह्यात पिंपात नेहमी पाणीच असते असे नाही! तसाच 'शिक्षा' हा शब्द. हिंदीत शिक्षण, मराठीत दंड. 'कल' म्हणजे काल आणि उद्या दोन्ही. "पैसे कल दिले" की "कल देणार", हे सांगणारे क्रियापद घाईत गिळले, की भांडण उभे राहते. आकड्यांचेही तेच. आपण 'एकोणऐंशी' म्हणतो, समोरच्याला शेवटचे 'ऐंशी' तेवढे कळते.

दोघेही मराठी बोलत असले म्हणजे घोटाळा टळतो, असेही समजू नये. मूर्तीसाठी लाकडी खोके करणाऱ्या सुताराला "दोन फुटी मूर्ती" एवढेच सांगितले, तर उंची पाटासकट की पाटाशिवाय? प्रभावळ धरून की सोडून? पाच-सहा इंचांचा फरक पडला तर सगळी खोकी फुकट, आणि चतुर्थी कुणासाठी थांबत नाही. आपल्यातच पाहा. "जुम्म्याच्या रात्री टेंपो आण" म्हटले, तर रात्र आधी धरणारा गुरुवारी रात्री येऊन उभा राहतो आणि दुसरा शुक्रवारी. दोघेही आपापल्या जागी बरोबर! अशा वेळी तारीख सांगावी आणि वाजले किती तेही.

२-३ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळला वायुगळती झाली. तिची कारणे अनेक होती. पण कामाच्या सूचनापुस्तिका इंग्रजीत आणि अनेक कामगारांना ती भाषा येत नाही, ही उणीवही पुढे आली. खरे तर कारखान्यातील सूचना इंग्रजीबरोबर बहुसंख्य कामगारांना समजेल अशा भाषेत लावावी, हे १९४८ च्या कारखाना कायद्यातच लिहिले होते. १९८७ च्या दुरुस्तीने धोकादायक कामाची माहिती कामगारांना देणे मालकावर बंधनकारक झाले. चार माणसांच्या वेल्डिंगच्या दुकानाला असा कायदा लागो न लागो, ठिणगी कायदा बघून उडत नाही.

मग करायचे काय? "समजले का?" हा प्रश्न आम्हाला निरुपयोगी वाटतो. शेठने विचारले की गरीब माणूस "जी" म्हणणारच. नाही म्हटले तर मूर्ख ठरू, हजेरी जाईल, ही भीती त्याच्या मनात असते. त्याऐवजी "आता तू काय करणार, ते मला सांग" असे म्हणावे. त्याने आपल्या भाषेत सांगितले की चूक तिथेच उघडी पडते. यात नवे काही नाही. सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत मुदतीच्या देण्याघेण्याची लिखापढी करण्याचा हुकूम आहे, आणि मजकूर सांगायचा तो ज्याच्यावर देणे आहे त्याने. म्हणजे ज्याला निभवायचे, त्याच्याच तोंडून. आम्हाला हे कामाच्या ऑर्डरलाही लागू वाटते. ऑर्डर घेणाऱ्याने ती परत बोलून दाखवावी, देणाऱ्याने ऐकून सही करावी.

वाचता न येणाऱ्यासाठी रंग वापरावा. तेजाबाच्या पिंपावर लाल पट्टा, पाण्याच्या पिंपावर निळा. मात्र हे रंग दुकानात सगळ्यांना दाखवून ठरवावेत आणि नवा माणूस आला की पहिल्याच दिवशी त्यालाही दाखवावेत. खोक्यावर उंची इंचांत, खडूने, पाटासकट लिहावी. आणि 'खाली' हा शब्द दुकानातून काढूनच टाकावा. 'उतरव' किंवा 'रिकामे कर', यांपैकी जे हवे ते स्पष्ट म्हणावे. कामगार हिंदीवाला असेल तर 'उतारो' म्हणायला आपले काय जाते?