लीड्सहून निघालेली बार्शी लाइट

उत्तर इंग्लंडमधल्या लीड्समध्ये आठ लाखांवर लोक राहतात, पण तिथे ना मेट्रो, ना ट्राम. जुनी ट्राम 1959 मध्ये बंद पडली. नव्या ‘सुपरट्राम’ची योजना सरकारने 2005 मध्ये गुंडाळली. नवल असं, की याच शहरातल्या कारखान्यांनी एकेकाळी आपल्या बार्शीला रेल्वे पाठवली!

‘ग्रेट इंडियन पेनिन्सुला’ म्हणजे जीआयपी रेल्वेचा लोहमार्ग कुर्डुवाडीवरून गेला आणि बार्शी चौतीसेक किलोमीटर आडबाजूला राहिली. पेठ कापसाची, पण माल स्टेशनापर्यंत न्यायचा तो बैलगाडीनेच. जीआयपीत नोकरी केलेला एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाचा इंग्रज अभियंता या तुटलेल्या अंतराच्या मागे लागला. त्याचं गणित ऐकून अजूनही थक्क व्हायला होतं. रुळाला गाडीच्या एकूण वजनाशी देणंघेणं नसतं. त्याला सोसायचा असतो एकेका आसाचा भार. मग इंजिन असो की वाघीण, कुठल्याच आसावर पाच टनांहून जास्त भार येऊ द्यायचा नाही! इंजिनाचं वजन सहा आसांवर वाटलं गेलं आणि मीटरला जेमतेम पंधरा किलोचा रूळ पुरेसा ठरला. रूळ हलका, म्हणून मार्ग स्वस्त; स्वस्त, म्हणूनच तो बार्शीला परवडला. लीड्सच्या किट्सन कंपनीने इंजिनं घडवली, लीड्स फोर्जने दाबीव पोलादाच्या सांगाड्यांच्या वाघिणी. शहराजवळ न्यूले इथे रूळ टाकून ही गाडी आधी चालवून दाखवली गेली.

1897 मध्ये अडीच फुटी ‘बार्शी लाइट’ धावू लागली. 1906 मध्ये ती पंढरपूरला पोचली, 1911 मध्ये निजामाच्या हद्दीतल्या लातूरला, 1927 मध्ये मिरजेला. कंपनी लंडनची, म्हणजे हा काही परोपकार नव्हता. तिच्या संथ चालीची थट्टाही पुष्कळ झाली. पण पंढरीच्या वाटेवरची बैलगाडी सुटली आणि लातूरच्या अडतीला मुंबईचा बाजार हाताशी आला.

कॅलथ्रॉपच्या डोळ्यांपुढे कापूस होता, यात्रेकरू होते. पाणी खचितच नव्हतं. पुढे हा मार्ग ब्रॉडगेज झाला, काही ठिकाणी वळलाही. एप्रिल 2016 च्या दुष्काळात मिरजेहून ‘जलदूत’ ही पाण्याची गाडी निघाली ती पंढरपूर-कुर्डुवाडीमार्गेच, आणि 342 किलोमीटर तोडून लातूरला आली. पहिल्या खेपेला दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी होतं. नंतर पन्नास वाघिणींची गाडी एका खेपेत पंचवीस लाख लिटर आणू लागली.